उताणा हात, पालथा हात

हाताच्या दोन स्थितींसाठी मराठीत दोन नेमकी विशेषणे आहेत: तळवा आभाळाकडे असला की हात उताणा आणि जमिनीकडे असला की पालथा. ओंजळ, पसा आणि तीर्थ घेताना केलेला तळव्याचा द्रोण ही उताण्या हाताची रूपे आहेत, तर भाकरी थापणारा, वरवंटा ओढणारा आणि डोक्यावरून आशीर्वादाने फिरणारा हात पालथा असतो. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा म्हणून जो ठसा श्रद्धेने जपला आहे तोही या पालथ्या स्थितीचीच आठवण देतो, कारण ओल्या चुन्यावर ठसा उमटवायचा तर तळवा पालथाच करावा लागतो. उताण्यापासून पालथ्यापर्यंतचा हा अर्धा फेरा माणूस दिवसातून असंख्य वेळा करतो, आणि तो अडला की साधा घास उचलून तोंडाशी नेणेही कसे अवघड होते, हे ज्याच्या हाताने ते सोसले आहे त्यालाच कळते.

हा फेरा मनगटात होतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत अग्रबाहूत, घडतो. या भागात दोन लांब हाडे शेजारी शेजारी असतात: करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस. अल्ना कोपराशी घट्ट बसवलेले असल्याने जवळजवळ स्थिर राहते आणि रेडियस हाताच्या पंजाला सोबत घेऊन त्याच्याभोवती फिरते. अल्ना हा जात्याचा मधला खुंटा मानला तर रेडियस ही त्याच्याभोवती फिरणारी वरची तळी ठरते. फरक एवढाच की येथे तळी पूर्ण वेढा न घेता अर्ध्या फेऱ्यावर थांबते. हात उताणा असताना ही दोन हाडे समांतर असतात, आणि तो पालथा केला की रेडियस अल्नावरून तिरके आडवे जाते. त्यासाठी दोन सांधे लागतात, एक कोपराजवळ आणि दुसरा मनगटाजवळ, आणि दोन्ही बिनबोभाट चालले तरच फेरा पुरा होतो.

या प्रकरणाचा मुख्य विषय मनगटाजवळचा खालचा सांधा आहे, आणि त्याची रचना काहीशी अनपेक्षित आहे. अल्नाच्या टोकाला वाटोळे डोके असते आणि रेडियसच्या कडेला त्यासाठी उथळ खोबण असते. परंतु डोक्याची वक्रत्रिज्या साधारण 10 मिलिमीटर, तर खोबणीची साधारण 15 मिलिमीटर असल्यामुळे हे डोके खोबणीत रुतून बसत नाही, ताटलीत ठेवलेल्या गोटीसारखे ते घरंगळू शकते. सांध्याच्या स्थैर्यातला फार थोडा वाटा हाडांच्या आकाराचा असतो. उरलेला सारा भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेल्या त्रिकोणी कूर्चेवर पडतो. ही बांधणी सैल झाली की फेरा दुखरा होतो, आणि डोकेच झिजले तर तो कुलूप लागल्यासारखा अडतो.

मनगटाचा सांधा यापासून वेगळा आहे. तेथे रेडियसचे रुंद टोक आणि दोन ओळींत बसवलेली आठ लहान हाडे यांच्यामध्ये पंजा पुढेमागे वाकतो आणि अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे झुकतो. मनगट आणि बोटे हलवणारे वीसहून अधिक स्नायुरज्जू या आठ हाडांना ओलांडून पुढे जातात. एखाददुसरा अपवाद सोडला तर अग्रबाहूतला कोणताही स्नायू या हाडांना थेट धरत नाही. म्हणून ही हाडे स्वतः हलत नाहीत, पुढच्या ओढीने हलवली जातात. कृत्रिम सांध्यासाठी मनगट ही इतकी अवघड जागा का ठरली, याचे निम्मे उत्तर या रचनेत आहे.

मालवणच्या किनाऱ्यावरची कामे पाहिली की या दोन सांध्यांमधली कामाची वाटणी स्पष्ट दिसते. पागेर, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकताना आणि कोयत्याने नारळ सोलताना मनगट आधी अंगठ्याच्या बाजूने मागे जाते आणि मग करंगळीच्या बाजूने पुढे झेपावते. ही तिरकी हालचाल शरीरशास्त्रज्ञ मनगटाची सर्वांत स्वाभाविक हालचाल मानतात आणि ती मुख्यत्वे आठ हाडांच्या दोन ओळींमध्ये घडते. याउलट विळीवर नारळाची वाटी खवणे, सोलकढीसाठी किसाचा रस पिळणे, पाण्याने भरलेली कळशी पालथी करणे, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुलीला मान वळवायला लावणे, ही सारी अग्रबाहूच्या फेऱ्याची कामे आहेत. दैनंदिन व्यवहाराला यांतले किती पुरते, याची मोजमापे झालेली आहेत. 1981 साली अमेरिकेतील बर्नार्ड मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बहुतेक घरगुती कामांना मध्यस्थितीपासून 50 अंश उताणे आणि 50 अंश पालथे एवढा फेरा लागतो. मनगटाच्या वाकण्याबाबतचे एक गाजलेले मोजमाप 1985 सालचे आहे, आणि त्यानुसार रोजच्या कामांना पुढे जेमतेम 5 अंश आणि मागे 30 अंश पुरतात. मनगट थोडक्यात भागवून नेते, पण फेऱ्याला निम्म्याहून अधिक वाव लागतोच, हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे.

या सांध्यांची हानी प्रामुख्याने दोन वाटांनी होते. पहिली वाट पडण्याची. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरलेला माणूस, होडीच्या काठावरून तोल गेलेला खलाशी किंवा माडावरून निसटलेला पाडेली तळवा पुढे करून स्वतःला सावरतो आणि रेडियसचे खालचे टोक मोडते. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी 1814 साली वर्णन केलेला हा अस्थिभंग आजही सर्वांत सामान्य अस्थिभंगांपैकी एक आहे. तो नीट बसवला तर बहुतेक हात पूर्ववत होतात. पण हाडवैद्याच्या पट्टीत किंवा ढिल्या प्लास्टरमध्ये तो वाकडा जुळला तर रेडियस आखूड राहते आणि शेजारचे अल्ना त्या मानाने लांब पडते. ही लांबी किती महत्त्वाची आहे, याचा हिशेब अमेरिकेतील अँड्र्यू पामर आणि फ्रेडरिक वर्नर यांनी मांडला आहे: निरोगी मनगटात पंजाकडून येणाऱ्या भाराचा सुमारे 80 टक्के भाग रेडियस आणि 20 टक्के भाग अल्ना पेलते, परंतु अल्ना केवळ अडीच मिलिमीटर पुढे आले तरी त्याचा वाटा सुमारे दुप्पट होतो. तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या या अंतराने पुढच्या वीस वर्षांची झीज ठरते. म्हणूनच मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली, जेस या नावाने ओळखली जाणारी बाह्य आधाराची पद्धती येथे मोलाची ठरते: बारीक तारा आणि सळ्या यांच्या हलक्या चौकटीने हाड बाहेरून ताणून धरता येते, तिला लागणारे साहित्य स्वस्त आणि साधे असते, आणि जो अस्थिभंग लांबीत जुळला त्याला बहुधा कृत्रिम सांध्याची पाळी येत नाही.

दुसरी वाट ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची, ज्याला बोलीत आमवात म्हणतात. या विकारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजते आणि कूर्चा व हाड पोखरते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोपडा यांच्या नेतृत्वाखाली 1996 पासून झालेल्या घरोघरीच्या पाहणीत दर दोनशे प्रौढांमागे साधारण एक जण या विकाराचा आढळला, त्यामुळे हा केवळ शहरातला आजार नाही हे महाराष्ट्रापुरते तरी सिद्ध झाले. अल्नाचे डोके हे या विकाराचे लाडके ठिकाण आहे. ते झिजून खडबडीत होते, मनगटाच्या पाठीवर उंचवट्यासारखे वर येते, आणि त्यावरून सरकणारे स्नायुरज्जू दगडाच्या कडेवर घासणाऱ्या दोरासारखे एकेक तुटू लागतात. आधी करंगळी, मग अनामिका उचलता येईनाशी होते. ऑलिव्हर व्हॉन-जॅक्सन यांनी 1948 साली हे वर्णन प्रसिद्ध केले. सकाळी उठल्यावर करंगळी एकाएकी लोंबती दिसली तर ती थकव्याची खूण मानून दिवस काढणे धोक्याचे आहे, कारण त्यानंतर शेजारच्या बोटाचा नंबर लागतो.

झिजलेले डोके दुखते तर ते काढून टाकावे, हा सर्वांत सरळ विचार होता, आणि न्यूयॉर्कचे विल्यम डॅरा यांच्या 1912 नंतरच्या लेखनामुळे तो रूढ झाला. डोके काढले की दुखणे बहुधा थांबते आणि फेराही सुटतो. वयस्क आणि कमी श्रम करणाऱ्या रुग्णासाठी ही शस्त्रक्रिया अजूनही उपयोगी आहे. मात्र तिची उणीव भार उचलताना उघड होते. कोपर वाकवून, अंगठा वर ठेवून माणूस मासळीची टोपली किंवा पाण्याची बादली धरतो तेव्हा अल्ना खाली आणि रेडियस वर असते; टोपलीचे वजन पंजाला आणि पंजा रेडियसला खाली ओढतो, आणि हे सगळे अखेर अल्नाच्या डोक्यावर टेकते. मेढ काढून घेतल्यावर वरचा वासा जसा खाली येतो, तसे डोके काढलेल्या हातात रेडियस अल्नाच्या उरलेल्या थोटकावर आदळते आणि घासते. फ्रान्समधील सोव्हे आणि कापांजी यांनी 1936 साली याला वेगळी तोड काढली. त्यांनी डोके जागेवरच ठेवून रेडियसला जोडून टाकले आणि थोडे वर अल्नाचा तुकडा कापून तेथे मुद्दाम खोटा सांधा निर्माण केला. मनगटाचा आधार त्यामुळे टिकला, पण थोटकाचे घासणे पुष्कळ रुग्णांत राहिलेच.

कृत्रिम मनगटाचा इतिहास याहून जुना आहे. बर्लिनचे थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी 1890 साली क्षयाने पोखरलेल्या मनगटात हस्तिदंती सांधा बसवला होता. सांधा हलत होता, पण मूळची लागण गेली नाही आणि जखम वाहत राहिली. कृत्रिम सांध्याची कल्पना किती काळापूर्वी सुचली होती आणि तिला साजेसे साहित्य व निर्जंतुकता मिळायला किती काळ जावा लागला, हे या एका उदाहरणावरून दिसते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातू आणि प्लास्टिक यांचा खुब्याचा सांधा यशस्वी केल्यावर मनगटाकडे पुन्हा लक्ष गेले. अमेरिकेतील आल्फ्रेड स्वान्सन यांनी 1967 मध्ये सिलिकॉनचा लवचीक सांधा वापरला. तो सुरुवातीला सुखद वाटे, पण काही वर्षांनी मोडे आणि त्याच्या कणांमुळे आसपासचे हाड सुजे. 1970च्या दशकात स्वित्झर्लंडमधील मॉयली आणि अमेरिकेतील व्होल्झ यांचे धातूचे सांधे आले, आणि त्यांत पंजाकडचा भाग सैल होण्याची अडचण पुन:पुन्हा दिसली. पंजाची लहान, मऊ हाडे धातूच्या दांड्याला फार काळ धरून ठेवत नाहीत आणि दांडा हाड फोडून बाहेर येतो. जय मेनन यांच्या 1990च्या दशकातील रचनेत हा भाग तीन स्क्रूंनी बसवला गेला आणि पुढच्या बहुतेक रचनांनी त्यापासून धडा घेतला. तरीही खुबा किंवा गुडघा यांच्या कृत्रिम सांध्यांना जो भरवसा मिळाला, तो मनगटाला आजवर लाभलेला नाही.

याचे कारण असे की मनगटाला एक तगडा पर्याय आहे: ते कायमचे जुळवून टाकणे. धातूची पट्टी लावून रेडियस आणि पंजाची हाडे एक केली की वाकणे संपते, पण दुखणेही संपते, पकड मजबूत होते आणि अग्रबाहूचा फेरा शाबूत राहतो. ज्याला रापणीचा दोर ओढायचा आहे, म्हणजे किनाऱ्यावरून दोन टोकांनी समुद्रातले मोठे जाळे खेचायचे आहे, त्याच्यासाठी जुळवलेले मनगट बहुधा कृत्रिम मनगटापेक्षा उजवे ठरते, कारण कृत्रिम मनगट बसवल्यावर क्वचितच उचलायचे वजनही साधारण साडेचार किलोपर्यंत आणि पुन:पुन्हा उचलायचे त्याहून कितीतरी कमी ठेवायला सांगतात. दोन्ही मनगटे जुळवण्याचा प्रश्न आला की विचार बदलावा लागतो. शौचानंतर पाण्याने धुणे, वेणी घालणे, पाठीमागची गाठ बांधणे यांना निदान एका मनगटाचे वाकणे लागते, आणि संधिवाताच्या रुग्णाची दोन्ही मनगटे गेली असतील तर एक जुळवावे आणि एक कृत्रिम बसवावे हा सल्ला शहाणपणाचा असतो.

अग्रबाहूच्या फेऱ्याला मात्र असा पर्याय नाही. दोन्ही हाडे एकमेकांना कायमची जोडली तर हात एकाच स्थितीत थिजतो. तो पालथा करता येत नसेल तर खांदा बाजूला उचलून बरेचसे भागवता येते, पण उताणा करता येत नसेल तर खांद्याची कोणतीही युक्ती पुरेशी पडत नाही. सुटे पैसे घेण्यासाठी पुढे केलेला हात, प्रसादासाठी धरलेली ओंजळ, तोंड धुण्यासाठी घेतलेले पाणी, सारे तेथेच संपते. म्हणून या दोन सांध्यांपैकी कृत्रिम सांध्याची खरी निकड मनगटाला नसून त्याच्या शेजारच्या, नावही फारसे ठाऊक नसलेल्या सांध्याला आहे. वैद्यकाचे लक्ष मात्र मनगटाकडे आधी आणि या सांध्याकडे फार उशिरा गेले.

येथील कृत्रिम सांधे दोन प्रकारचे आहेत. पहिल्यात केवळ अल्नाचे डोके बदलतात. स्वान्सन यांची सिलिकॉनची टोपी टिकली नाही. 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे टिमथी हर्बर्ट आणि जर्मनीचे यॉर्ग फान स्कूनहोफन यांनी टायटॅनियमच्या दांड्यावर सिरॅमिकचे डोके बसवले आणि ते अधिक समाधानकारक ठरले. परंतु नुसते डोके बसवून भागायचे तर त्याला धरून ठेवणारे अस्थिबंध जिवंत असावे लागतात, आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या हातात तेच उरलेले नसतात. अशा हातांसाठी अमेरिकेतील लुईव्हिलचे लुइस शेकर यांनी दुसरा प्रकार घडवला. त्यात रेडियसला स्क्रूंनी एक पट्टी बसवतात आणि तिच्या टोकाला खोलगट वाटी असते. अल्नाच्या पोकळीत एक दांडा बसवतात आणि त्याच्या गुळगुळीत टोकावर कठीण प्लास्टिकचा गोळा चढवतात. गोळा वाटीत अडकलेला असल्यामुळे सांधा निखळत नाही, आणि तो दांड्यावर वरखाली सरकू शकत असल्यामुळे फेऱ्यात रेडियसची जी नैसर्गिक पुढेमागे हालचाल होते तीही अडत नाही. गेलेल्या अस्थिबंधांचे काम येथे धातूने पत्करले आहे, आणि म्हणूनच या सांध्याच्या रुग्णांना साधारण नऊ किलोपर्यंत वजन उचलण्याची मुभा दिली जाते. डोके काढलेल्या ज्या हाताला भरलेली कळशी पेलवत नव्हती, त्याच्यासाठी हा फार मोठा पल्ला आहे.

वजनाच्या या मर्यादा ज्या समाजांत ठरल्या तेथे माणसे खुर्चीवर बसतात. कोकणातल्या घरात जमिनीवर बसून उठताना, विशेषतः गुडघे दुखत असतील तर, तळवा जमिनीवर टेकून अर्ध्या शरीराचा भार मनगटावर टाकला जातो, आणि त्या एका क्षणी पडणारा भार कोणत्याही टोपलीपेक्षा जास्त असतो. गुडघ्याच्या बाबतीत अशा सवयींचा विचार महाराष्ट्रात झालेला आहे: पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांची शरीरयष्टी आणि मांडी घालून बसण्याची सवय डोळ्यांपुढे ठेवून इंडस हा कृत्रिम गुडघा घडवला. मनगट आणि अग्रबाहू यांनाही तेवढ्याच आस्थेचा हक्क आहे. किमतीच्या बाबतीतही गुडघा पुढे आहे. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तो आदेश गुडघ्यापुरताच होता. मनगटाचे सांधे थोड्यांनाच लागतात, आणि जे थोड्यांना लागते ते स्वस्त होण्याची घाई बाजाराला नसते.

सिंधुदुर्गातील रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी पूर्वापार जिल्ह्याबाहेर पाहावे लागले आहे. 1842 साली स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यक शाळेचा वारसा सांगणारे गोव्यातील बांबोळीचे रुग्णालय, कोल्हापूर, बेळगाव आणि शेवटी मुंबई ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. सिंधुदुर्गनगरीत 2021-22 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे निदान अस्थिभंग वेळेवर आणि लांबीत बसवण्याचे काम जिल्ह्यातच होण्याची आशा धरता येते, आणि वर सांगितलेला अडीच मिलिमीटरचा हिशेब पाहता हे काम कृत्रिम सांध्याहून कमी महत्त्वाचे नाही.

सांधा बसवल्यावर उरलेले अर्धे काम व्यवसायोपचार तज्ज्ञाचे असते. रुग्णाच्या नेहमीच्या कामांमधूनच हाताला पुन्हा शिकवणाऱ्या या शास्त्राची आशियातील पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 साली निघाली, आणि ती काढणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन व लग्नाने निंबकर घराण्यातल्या होत्या. त्यांनी रुजवलेली दृष्टी अशी की रुग्णाला किती अंश फिरते एवढे विचारून भागत नाही, त्याला त्या फेऱ्याने काय करायचे आहे ते विचारावे लागते. फेरा मोजण्याची रीत अगदी साधी आहे: कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायचे, मुठीत पेन्सिल उभी धरायची आणि ती दोन्ही बाजूंना किती कलते ते पाहायचे. कोपर बरगडीपासून सुटू द्यायचे नाही, कारण सुटले की खांदा गुपचूप मदतीला येतो आणि मोजणी फसते. पेन्सिल पुरेशी कलू लागली की तिच्या जागी रिकामा तांब्या येतो, मग निम्मा भरलेला, आणि काही आठवड्यांनी विळीवर नारळाची अर्धी वाटी.